ग्रँड कॅन्यनची एक दिवसाची सहल: साउथ रिम की वेस्ट रिम?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही आणि गिरगावातल्या शाळेपासूनची तुमची मैत्रीण, दोघीही बासष्ट वर्षांच्या, तीन दिवस लास व्हेगसला राहणार आहात. त्यांपैकी एक दिवस मार्गदर्शकासह बसने ग्रँड कॅन्यन, म्हणजे ॲरिझोना राज्यातली ती अवाढव्य दरी, पाहायचा आहे. मैत्रिणीच्या एका गुडघ्याचे सांधेरोपण झाले आहे, तिला उंचीची भीती वाटते आणि मुले बरोबर नाहीत. साउथ रिमची (दरीच्या दक्षिण काठाची) सहल घ्यावी की वेस्ट रिमची (पश्चिम काठाची), आणि हेलिकॉप्टर घ्यावे का, हे तुम्हाला ठरवायचे आहे. दादरहून अमेरिकेच्या पश्चिम भागात सहली नेण्याचे काम मी बावीस वर्षे करते आहे. माझे मत आधीच सांगते: तुम्ही दोघींनी साउथ रिमला जावे, हेलिकॉप्टर घेऊ नये, आणि काठावर मिळणाऱ्या साधारण तीन तासांचे नियोजन मुंबईतच करून निघावे. बसचा प्रवास लांबचा आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही हेच मत का, ते पुढे सविस्तर लिहिते.

प्रथम या दोन नावांचा घोळ दूर केला पाहिजे, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. कोलोरॅडो नदीने कोरलेला हा कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे 'ग्रँड कॅन्यन पाहिला' असे म्हणणाऱ्या दोन माणसांनी दोन अगदी वेगळ्या जागा पाहिलेल्या असू शकतात. साउथ रिम हा १९१९ साली घोषित झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि छायाचित्रांतून, दिनदर्शिकांतून आपण जे अथांग दृश्य पाहत आलो ते बहुतेक तिथले असते. वेस्ट रिम हा भाग राष्ट्रीय उद्यानात येत नाही. ती हुआलापाई या आदिवासी समाजाची भूमी आहे, तिथली व्यवस्था आणि तिकिटे त्यांची स्वतःची आहेत, आणि राष्ट्रीय उद्यानाचा पास तिथे चालत नाही. काही वर्षांपूर्वी पार्ल्याच्या दोघी बहिणींनी इंटरनेटवरून एका सहल कंपनीकडे परस्पर आरक्षण केले होते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत फक्त 'ग्रँड कॅन्यन' असे लिहिलेले होते. दिवसभर फिरून परत आल्यावर त्यांनी मला छायाचित्रे दाखवली आणि विचारले, की आम्ही ज्याविषयी वाचले होते ते जुने हॉटेल, ते संग्रहालय दिसले कसे नाही. त्या वेस्ट रिमला जाऊन आल्या होत्या. जागा वाईट नव्हती, पण त्यांच्या मनातली ती नव्हती. म्हणून आरक्षणाच्या कागदावर 'साउथ रिम, राष्ट्रीय उद्यान' हे शब्द स्पष्ट असल्याशिवाय पैसे भरू नका.

आता अंतराविषयी. लास व्हेगसहून वेस्ट रिम सुमारे २०० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून नाशिक ओलांडून थोडे पुढे जाण्याएवढे, आणि बसने अडीच तासांच्या आसपास लागतात. साउथ रिम सुमारे ४५० किलोमीटर आहे. मुंबईहून जवळजवळ बेळगावापर्यंत जाऊन त्याच रात्री परत येण्यासारखा हा प्रकार आहे. रस्ते उत्तम असल्यामुळे तो शक्य होतो, पण थांबे धरून पहाटे सहाच्या सुमारास निघालेली बस दुपारी बारा-एकला पोहोचते आणि रात्री नऊ-दहाला परत येते. हा हिशेब पाहून बहुतेक कुटुंबे वेस्ट रिम निवडतात, आणि लहान मुले बरोबर असतील तर मीही तेच सुचवते. डिसेंबर-जानेवारीतही साउथ रिमची एक दिवसाची सहल मी सहसा सुचवत नाही, कारण दिवस लहान असतो, काठावर बर्फ असू शकते, आणि त्या दिवसांत ॲरिझोनाचे घड्याळ व्हेगसच्या एक तास पुढे असल्यामुळे पदरात पडणारा उजेड आणखी कमी होतो. सप्टेंबरअखेर मात्र दोन्हीकडे घड्याळ सारखेच असते, सूर्य सहानंतर मावळतो, आणि हवा चालण्यासाठी वर्षातल्या सर्वोत्तम हवांपैकी एक असते.

वेस्ट रिमला लोक प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी जातात. पहिली म्हणजे 'स्कायवॉक', कड्याच्या बाहेर सुमारे २१ मीटर झेपावलेला, घोड्याच्या नालेच्या आकाराचा काचेचा मार्ग, जो २००७ साली खुला झाला. दुसरी गोष्ट म्हणजे हेलिकॉप्टरने थेट तळाशी उतरण्याची सोय, जी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मिळत नाही. १९८६ साली कॅन्यनवर दोन पर्यटक वाहने हवेत एकमेकांवर आदळून २५ माणसे गेली, आणि पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्यानंतर उद्यानात पर्यटकांची विमाने आणि हेलिकॉप्टर काठाच्या पातळीखाली उतरणे बंद झाले. म्हणजे वेस्ट रिमचे जे खास आकर्षण आहे ते पायाखालची काच आणि हवेतला प्रवास हेच आहे, आणि तुमच्या मैत्रिणीला भीती नेमकी त्याचीच आहे. तिने तुमच्यासाठी 'हो' म्हटले तरी ती तो वेळ डोळे मिटून काढेल, आणि तुमचे लक्ष दृश्याकडे न राहता तिच्याकडे राहील. इतके पैसे खर्चून हा दिवस असा घालवू नये, असे मला मनापासून वाटते.

साउथ रिमला खोलीची जाणीव वेगळ्या प्रकारे होते. काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेचारशे मीटर उंच. आणि कॅन्यनची खोली दीड किलोमीटरहून अधिक आहे, म्हणजे १,६४६ मीटरचे कळसूबाई समुद्रसपाटीपासून उचलून त्या दरीच्या तळाशी ठेवले तर त्याचे शिखर जेमतेम आपल्या पायांच्या पातळीला येईल. समोरचा काठ कित्येक ठिकाणी पंधरा-सोळा किलोमीटर दूर असतो. या आकड्यांचा उपयोग एवढ्यासाठीच, की पहिल्यांदा पाहताना डोळ्यांना तुलनेसाठी ओळखीचे काही सापडत नाही, आणि समोर रंगवलेला पडदा असावा असे अनेकांना वाटते. कोकणकड्यावर पालथे पडून खाली डोकावताना पोटात जो गोळा येतो, तो इथे लगेच येत नाही. दहा-पंधरा मिनिटे एका जागी शांत बसल्यावर, ढगाची सावली एका सुळक्यावरून दुसऱ्यावर सरकताना दिसली, की मग खोली कळू लागते. नदी मात्र शोधावी लागते. एखाद्या फटीतून तिचा तुकडा दिसला तर दिसला, त्यामुळे 'नदी कुठे आहे' म्हणून खट्टू होऊ नका.

बस साधारणपणे मेदर पॉइंटजवळ सोडते. तिथे कठडे आहेत आणि गर्दीही सर्वांत जास्त तिथेच असते. तिथे फोटोसाठी वीस मिनिटांहून अधिक काळ थांबू नका. तिथून यावापाई संग्रहालयापर्यंत काठाकाठाने जाणारी फरसबंद वाट सुमारे १.१ किलोमीटरची आहे, जवळजवळ शिवाजी पार्कच्या एका फेरीएवढी, आणि बरीचशी सपाट. तुमच्या मैत्रिणीला मुलुंडच्या किंवा गिरगावच्या रस्त्यावर सव्वा किलोमीटर न थांबता चालता येत असेल, तर इथे मध्ये बसत बसत नक्की जमेल. चालवत नसेल तर उद्यानाच्या मोफत शटल बस आहेत, त्यांनी संग्रहालयापर्यंत जाता येते. वाटेच्या बऱ्याच भागाला कठडा नाही, हे आधीच सांगून ठेवते. मैत्रिणीला वाटेच्या आतल्या, झाडांच्या बाजूने चालू द्या आणि तुम्ही दरीच्या बाजूने चाला. त्या साध्या बदलाने तिचा निम्मा ताण उतरेल.

यावापाईचे संग्रहालय १९२८ मध्ये बांधलेले छोटे दगडी घर आहे, आणि माझ्या दृष्टीने या दिवसातली ती सर्वांत मोलाची जागा आहे. त्याच्या दरीकडच्या संपूर्ण बाजूला मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत. समोर दिसणारा प्रत्येक थर, प्रत्येक सुळका काय आहे हे त्या खिडक्यांजवळच्या फलकांवर समजावलेले आहे. उंचीची भीती वाटणाऱ्या माणसाला इथे पायाखाली पक्की जमीन, पाठीशी भिंत आणि समोर संपूर्ण कॅन्यन मिळतो. माझ्या एका सहलीत डोंबिवलीच्या एक काकू बाहेरच्या कठड्यापाशी यायलाच तयार नव्हत्या. त्या इथे खिडकीशी पाऊण तास बसल्या, फलक वाचत राहिल्या, आणि बाकीचे परतले तेव्हा कोणता सुळका ब्रह्मा आणि कोणता झोरोआस्टर (म्हणजे आपला झरथुष्ट्र) हे त्यांनीच सगळ्यांना दाखवले. हो, ही तिथली खरी नावे आहेत. एकोणिसाव्या शतकात इथे काम करणाऱ्या क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाला हे सुळके देवालयांसारखे वाटले, आणि त्याच्यापासून सुरू झालेल्या प्रथेमुळे कॅन्यनमध्ये विष्णू, शिव, ब्रह्मा यांच्या नावांची 'मंदिरे' आहेत. तळाच्या सर्वांत जुन्या खडकांपैकी एका गटालाही विष्णूचेच नाव आहे. गिरगावात पारशी शेजाऱ्यांच्या सहवासात वाढलेल्या तुम्हा दोघींना ब्रह्मा आणि झरथुष्ट्र एकमेकांना खेटून उभे असलेले पाहताना जे वाटेल, ते दुसऱ्या कुणाला तसे वाटणार नाही.

संग्रहालयाच्या बाहेरून काठावरच्या ग्रँड कॅन्यन व्हिलेज या वस्तीच्या दिशेने जी वाट जाते, तिच्यावर २०१० पासून 'ट्रेल ऑफ टाइम' आखलेला आहे. घाईतल्या सहली त्याच्यावरून न पाहता निघून जातात, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. वाटेवर दर मीटरला पितळी रंगाची एक गोल खूण बसवली आहे, आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे असे प्रमाण आहे. संग्रहालयाकडून निघालात की 'आज'पासून मागे चालायला लागता. पहिल्या पाच-सहा पावलांतच, म्हणजे पन्नास-साठ लाख वर्षांत, कोलोरॅडो नदीने हा अवाढव्य कॅन्यन कोरला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. मग दहा-दहा मीटरवर आकडे येत राहतात. सहासष्टाव्या मीटरला थांबा. त्या सुमारास आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, दख्खनचा बेसाल्ट, लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार होत होता. रायगड, हरिश्चंद्रगड, घारापुरीची लेणी ज्यात कोरली तो खडक, सगळे काही त्या एका खुणेच्या आसपास. आपण सह्याद्रीला अतिप्राचीन मानतो, आणि तो आहेच. पण त्या खुणेवर उभे राहून दरीकडे पाहिले, तर कॅन्यनच्या भिंतींमधल्या एकाही थराची खूण अजून आलेलीच नसते, कारण ते सगळे याहूनही जुने आहेत. भिंतीतला सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत तरुण थर दोनशे सत्तराव्या मीटरच्या सुमारास येतो. तो कैबाब चुनखडक, ज्यावर तुम्ही उभ्या असता. तो समुद्राच्या तळाशी तयार झाला, आणि त्यात सागरी जीवांचे अवशेष सापडतात. तळातला सर्वांत जुना खडक तर १,८४० मीटरवर आहे. तिथपर्यंत मैत्रिणीने चालायची गरज नाही. दोनशे सत्तर मीटर जाणे आणि तेवढेच परत येणे, अर्ध्या तासात होते. वाटेच्या कडेला त्या त्या काळातल्या खडकांचे मोठे नमुने ठेवलेले आहेत, त्यांना हात लावता येतो. ज्या गुडघ्यांनी राजगड-तोरणा केले असतील, त्यांना या साडेपाचशे मीटरांत जे मिळेल ते हेलिकॉप्टरच्या फेरीत मिळत नाही.

दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेवर 'थोडेसेच खाली जाऊन येऊ' असा मोह तुम्हाला होईल. तो टाळा. सह्याद्रीत आपण दमट सकाळी आधी चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथे उलटे आहे. ताज्या पायांनी सहज उतरले जाते, आणि चढ समोर येतो तो पाणी संपल्यावर, दुपारच्या उन्हात. शिवाय खाली जावे तसा उष्मा वाढत जातो, उन्हाळ्यात तळाशी चाळीस अंशांच्या वर तापमान असते. बसच्या वेळेला बांधलेल्या माणसाने त्या वाटेवर पाऊल टाकू नये.

हवेविषयी दोन शब्द. व्हेगसच्या उकाड्यातून तुम्ही दोन हजार मीटर वर येता, तेव्हा हवा कोरडी आणि थोडी विरळ असते. घाम लगेच सुकतो, त्यामुळे तहान लागल्याचे कळत नाही आणि दुपारी डोके दुखू लागते. प्रत्येकीने दर तासाला थोडे थोडे पाणी प्यावे, ओआरएसची दोन पाकिटे पर्समध्ये ठेवावीत, आणि रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. पाणी भरून घेण्याची मोफत सोय काठावर आहे. सकाळी निघताना व्हेगसला शाल हास्यास्पद वाटेल, पण सप्टेंबरअखेर काठावर वारा सुटला की ती लागते, आणि परतीच्या बसमध्ये वातानुकूलनामुळे तर हमखास लागते. जेवणाचे डबे सहलीत मिळतात, पण ते बहुधा थंड सँडविच असते. शाकाहारी हवे हे आरक्षण करतानाच लिहून कळवा, आणि तरीही दशम्या, कोरडी चटणी आणि दोन लाडू बरोबर असू द्या.

गुडघ्याचा खरा कस काठावर लागत नाही, बसमध्ये लागतो. सांधेरोपण झालेला पाय सलग तीन तास वाकलेल्या स्थितीत राहिला की उतरताना पहिली काही पावले नीट पडत नाहीत. आरक्षण करताना पुढच्या रांगेतली, मधल्या मार्गाकडची खुर्ची मागून घ्या आणि कारण सांगा. चालक-मार्गदर्शक अशी विनंती सहसा मान्य करतात. हूवर धरण, किंगमन, सेलिगमन असे जे थांबे मिळतील, त्या प्रत्येक ठिकाणी झोप आली असली तरी उतरून पाच मिनिटे चालायचे. मोठ्या बसपेक्षा लहान व्हॅनची सहल महाग असते, पण हॉटेलांवरून माणसे गोळा करण्यात वेळ कमी जातो आणि काठावर अर्धा-पाऊण तास जास्त मिळू शकतो. तुमच्या बाबतीत तो फरक देण्याजोगा आहे. शक्य झाले, आणि व्हेगसच्या तीन रात्रींपैकी एक सोडण्याची मैत्रिणीची तयारी असली, तर काठाजवळ मुक्काम असलेली दोन दिवसांची सहल मी एका दिवसाच्या सहलीपेक्षा केव्हाही चांगली समजते.

खर्चाच्या बाबतीत एक अलीकडची गोष्ट लक्षात घ्या. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेच्या निवासी नसलेल्या, सोळा वर्षे व त्यावरील पर्यटकांकडून ग्रँड कॅन्यनसह अकरा राष्ट्रीय उद्यानांत नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय माणशी १०० डॉलर घेतले जातात. अनिवासींसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे, पण तुम्हाला एकच उद्यान पाहायचे असेल तर तो घेण्यात अर्थ नाही. सहलीच्या किमतीत ही रक्कम धरलेली आहे की प्रवेशद्वारावर वेगळी द्यावी लागेल, हे कंपनीला लेखी विचारा, आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

तुम्ही प्रश्नासोबत जे छायाचित्र पाठवले आहे, लाल खडकाच्या वळणावळणाच्या भिंती आणि वरून पडणारा उन्हाचा झोत, ते ग्रँड कॅन्यनचे नाही. तो पेज या गावाजवळचा अँटेलोप कॅन्यन आहे. आपल्या सांदण दरीसारखी ती अरुंद घळ आहे, फक्त काळ्या बेसाल्टऐवजी वालुकाश्मातली, आणि पाण्याने गुळगुळीत केलेली. ती नवाहो समाजाच्या भूमीत आहे आणि मार्गदर्शकाशिवाय तिथे प्रवेशच नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक किलोमीटर दूर पडलेल्या पावसाचे पाणी अचानक त्या घळीत शिरून अकरा पर्यटक मृत्युमुखी पडले होते. घळीवर त्या वेळी पाऊस पडतही नव्हता. पावसाळ्यात सांदणला जाऊ नये असे आपण सांगतो, त्याचेच हे कारण आहे. व्हेगसहून पेजही साडेचार तासांवर, पण वेगळ्या दिशेला आहे, त्यामुळे हे दोन्ही एका दिवसात जोडून दाखवणारी सहल कुणी देऊ केली, तर ती घेऊ नका. पुढे कधी गेलात तर 'अपर' अँटेलोप निवडा, कारण तिथली घळीच्या आतली वाट जमिनीच्या पातळीवर सपाट आहे. 'लोअर'मध्ये उभ्या शिड्या आहेत आणि त्या मैत्रिणीच्या गुडघ्याला झेपणार नाहीत.

शेवटी, काठावर उतरल्यावर करायचे पहिले काम. मार्गदर्शक बस सुटण्याची वेळ आणि जागा सांगेल, ती दोघींनी आपापल्या कागदावर लिहून घ्या, कारण मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही. तुम्हाला आणखी थोडे चालायचे असेल आणि मैत्रिणीला बसायचे असेल, तर निःसंकोच वेगळ्या व्हा, पण बस सुटण्याच्या चाळीस मिनिटे आधी यावापाईच्या त्या खिडकीपाशी भेटायचे, असे मेदर पॉइंटलाच ठरवून टाका.